पूर्ण हजेरीचा फेटा

‘प्रेरणा’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. खंडाळ्याजवळच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथं दरवर्षी प्रेरणा मेळावा भरतो. पुण्याहून कोटवाला वक्ता येतो, घड्याळाकडे बघू नका म्हणून आम्हाला बजावतो आणि स्वतः बरोबर तासाभरात आटोपून गाडीत बसतो. मग वर्षभर एकही रजा न घेणाऱ्याला फेटा बांधतात. दोन वर्षं तो फेटा मीही मिरवलाय. आता त्याची लाज वाटते.

माझ्या पाळीत एक हवालदार आहे. फौजेतून निवृत्त झालेला, माणदेशातला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. प्रेस मशीन चालवतो, बोलतो फार कमी. गेल्या वर्षी मेळाव्याच्या आठ दिवस आधी तो माझ्या टेबलापाशी येऊन ताठ उभा राहिला.

“सायेब, येत्या शुक्करवारी पोरीची ट्रेनिंग संपल्याची परेड हाय. सांगलीकडं. पोलिसात लागली न्हवं.”

“वा! पेढे पाहिजेत,” मी म्हणालो.

“व्हय, आणतो की.”

तो तसाच थोडा वेळ थांबला. मी मान खाली घालून पाळ्यांचा तक्ता भरत होतो. तो निघून गेला. त्याच तक्त्यात, शुक्रवारच्या सकाळपाळीत, मी त्याचं नाव लिहिलं. मेळावा त्याच दिवशी होता, त्या वर्षीचा फेटा त्याचा होता आणि मॅनेजर साहेबांना फोटोसाठी माणूस हजर हवा होता.

शुक्रवारी फेटा बांधला, नारळ दिला, टाळ्या पडल्या. “बघा, याला म्हणतात निष्ठा!” वक्ता ओरडला. फोटोत हवालदार सावधान उभा आहे. मेळावा संपल्यावर तो मशीनपाशी, डोक्यावर फेटा तसाच, मोबाइल बघत होता. पडद्यावर खाकी वर्दीतली रांग चालली होती. त्यातली त्याची पोरगी कुठली, हे त्यालाही ओळखू येत नव्हतं.

आणि मी त्याच्यावरच डाफरलो. “अहो, रजा मागायची होती ना! तोंड नव्हतं का?”

त्यानं फेटा काढून बाजूला ठेवला. “आमचा सुभेदार मागायची पाळीच आणायचा न्हाई, सायेब. कुणाच्या घरी काय हाय, त्याला ठावं असायचं. रजेचा कागद त्योच म्होरं करायचा. मी तुमास्नी सांगितलं हुतं की.”

सांगितलं होतं. मी पेढे मागितले होते. त्या दिवशी मला वक्त्याचा संताप आला, साहेबांचा आला, टाळ्या पिटणाऱ्या सगळ्यांचा आला. पण तक्त्यातलं अक्षर माझं होतं, त्याचं काय करणार?

हा फेटा बंद करा, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. “तुम्ही फार मनाला लावून घेता,” म्हणाले. मेळावा चालूच आहे. मी आता तक्ता भरण्याआधी प्रत्येकाच्या मशीनपाशी जातो, घरी काय आहे ते विचारतो आणि कुणी मागायच्या आत रजा लिहून टाकतो.

परवा हवालदाराच्या गावची यात्रा आली. मी आपणहून चार दिवस लिहिले.

“पोरगीही येईल ना यात्रेला?”

“तिला कुठली सुट्टी? बंदोबस्त हाय म्हणं.”

“मग मागायची की तिनं.”

“मागत न्हाई ती,” हवालदार म्हणाला. “माझ्यावर गेलीया.”