आक्काच्या दारावरचं पडकं घर

बहिणीच्या वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ नेणं मला, म्हणजे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला, कमीपणाचं वाटलं. एका पुस्तकात इटलीतलं पाचेकशे वर्षांपूर्वीचं शाईचं चित्र होतं: ढासळलेल्या कमानी, खांबांवर उगवलेली झुडपं आणि त्यातून वाट काढणारे तीन प्रवासी. त्यातला एक तर आडव्या पडलेल्या खांबावर बसून गाठोडं सोडत होता. दोन महिने बोरू झिजवून मी त्याची नक्कल केली, फ्रेम केली आणि ऐटीत आक्काचं गाव, दिंद्रुड गाठलं.

आक्कानं वरचा कागद काढला आणि तिचा चेहराच उतरला. मेहुण्यांच्या बदल्यांपायी तिनं उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला होता. आता कुठं स्वतःचं घर झालं, आणि सख्ख्या भावानं आणलं काय, तर पडकं घर! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"नव्या घरात असलं कावून आणलं, भाऊ?" तिच्या नणंदेनं सगळ्यांदेखत विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. कलेतलं तुम्हाला काय कळतंय, हे ओठांवर आलेलं गिळलं.

घर बांधणारे मिस्त्री आहेराचा टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते. ते उठून आले आणि चित्र निरखत म्हणाले, "काम लई बारीक हाय. आक्का, हे दारावर लावा. माझी काळी बाहुली तशीबी काढायचीच हाय. येणाऱ्याची नजर आदी ह्या पडक्यावर जाईल, तुमच्या घराला लागायची न्हाई."

आक्का खुदकन हसली. माझी दोन महिन्यांची मेहनत काळ्या बाहुलीच्या खिळ्याला लटकली. मी हिरमुसलो, पण खोटं कशाला सांगू, बुंदी दोनदा घेतली.

परवा पुन्हा गेलो. अंगणात दूधवाला रिकामी किटली धरून मान वर करून उभा होता.

"त्या बसलेल्याच्या गाठोड्यात काय असंल हो?" त्यानं दारातल्या आक्काला विचारलं.

"भाकरी हाय," आक्का ठामपणे म्हणाली. मग मला बघून हसली. "रोज कुणी ना कुणी थांबतंय बघ. आहेरातली घड्याळं अजून खोक्यातच हायेत."

माझ्या चित्रासमोर कुणी आपणहून थांबलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. आक्का आत बोलावत होती, पण दूधवाला जाईपर्यंत मी अंगणातच उभा राहिलो.