परटीणमावशीचा बिब्बा

‘निजामी अमदानीत बीड शहरात कपडे धुण्याचे पहिले विलायती यंत्र आले, परंतु एका अडाणी परटिणीने तालुकदारसाहेबांची शेरवानी त्यात अडकवली आणि भुताटकी समजून यंत्र दगडाने फोडले.’ आमच्या गावाच्या इतिहासावर नुकत्याच निघालेल्या एका पुस्तिकेत हे वाक्य छापले आहे. लिहिणाऱ्याला बिंदुसरा नदीवरचा धोबीघाट ठाऊक नाही, परटीणमावशी ठाऊक नाही आणि लाज तर मुळीच ठाऊक नाही. मी त्या काळी तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारा नक्कलनवीस होतो. मी जिवंत असेपर्यंत हे वाक्य सुखाने नांदणार नाही.

परटीणमावशीला अक्षर येत नव्हते. पण सारे गाव तिला वाचता येत होते. बिब्ब्याच्या तेलात काडी बुडवून ती प्रत्येक घराच्या कपड्यावर आतल्या अंगाने खूण करी. कोणाची कावळ्याची पावले, कोणाचे दोन ठिपके, माझी एक आडवी रेघ. कपडा फाटे, पण खूण जात नसे. कोणती खूण कोणाची, हे तिने मला घाटावर बसवून शिकवले होते. ‘तुमच्या कचेरीतली कागदांची मिसल हरवती, मुनशी. माझा धुडका हरवत न्हाई,’ असे ती चारचौघांत ऐकवी.

बिब्बा लागल्यावाचून कपडा ओला करायचा नाही, हा तिचा कायदा. माझे लग्नातले धोतर प्रथम धुवायला नेले, तेव्हा खूण करू नकोस म्हणून मी हटून बसलो. तिने ते माझ्याच खांद्यावर परत टाकले. ‘मंग घरला न्या. बायकूला म्हनावं, धू. माझ्या हातात आलं की खूण व्हनार. तुमचं असू, न्हाईतर तालुकदाराचं असू.’ धोतरावर रेघ उमटली. तालुकदारसाहेबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या गळपट्टीतही एक चांदणी होतीच.

आता भुताटकीविषयी. तालुकदारसाहेबांनी मागवून आपल्या वाड्यावर ठेवलेले ते यंत्र म्हणजे लाकडी पिंप. आत वल्ह्यांसारख्या फळ्या, बाहेर फिरवायचा दांडा, आणि वर कपडा पिळण्यासाठी एकमेकांवर दाबून बसवलेले दोन रूळ. सोबत आलेला कागद मीच तिला समजावून सांगितला. तो संपण्यापूर्वीच तिने दांडा फिरवून पाहिला. ‘ह्ये तर ताक घुसळायचं काम हाय. आन् तोरा किती!’ म्हणून ती खो खो हसली. फळ्यांत कपडे गुंततात हे ध्यानी येताच दुसऱ्याच दिवशी तिने सुताराकडून त्यांच्या धारा तासून घेतल्या. विलायती कारागिराची चूक जिने एका दिवसात हेरली, ती भ्याली म्हणे! सबंध हिवाळा तिने ते यंत्र चालवले. गुंड्यांचा कपडा मात्र रुळांत कधी घातला नाही. तो ती हातानेच पिळी.

यंत्र मोडले ते तालुकदारांच्या खानसाम्याने. शिंप्याकडून नुकतीच आलेली साहेबांची शेरवानी त्याने पाहुण्यांपुढे यंत्राची ऐट मिरवण्यासाठी भिजवली, गुंड्यांसकट रुळांत घातली आणि अंगचा सारा जोर लावून दांडा फिरवला. रूळ उभा चिरला. मावशी त्या वेळी घाटावर होती. हे कचेरीतल्या एकूण एक शिपायाला माहीत होते. पण शेरवानी मावशीकडे धुवायला दिली होती, असे खानसाम्याने सांगितले आणि कोणी तोंड उघडले नाही. मीही उघडले नाही. माझी नोकरी नवी होती. एवढेच कारण, आणि ते पुरेसे नाही.

फिर्याद झाली, शेरवानी जप्त होऊन यादीसाठी माझ्या मेजावर आली, आणि मावशीला घाटाची बंदी झाली. भट्टीचे भांडे गाढवावर लादून ती उमापूरला निघाली, तेव्हा कचेरीच्या दाराशी थांबली.

‘मुनशी, खुना वाचायला मी शिकीवलतं तुमाला. शेरवानी तुमच्याच मेजावर हुती. कावून वाचली न्हाई?’

ती पुन्हा कधी बीडला आली नाही.

पुस्तिकेच्या लेखकाने आता मजकडे पुरावा मागितला आहे, तोही उद्धटपणे. हा घ्या. मी शेरवानी वाचली होती. फक्त मोठ्याने वाचली नव्हती. त्या फिर्यादीतील जप्त मालाच्या यादीची नक्कल माझ्यापाशी आहे, आणि तीत माझ्याच अक्षरात लिहिले आहे: ‘पांढरी शेरवानी एक, गुंड्या फुटलेल्या, आतून-बाहेरून बेनिशान.’