डोमाभाऊंनी आणलेली पुस्तकं

चिखल्याच्या खाण कॉलनीत पुस्तक येतं ते डोमाभाऊंच्या पिशवीतून. इथे पुस्तकांचं दुकान नाही. ग्रामपंचायतीत एक कपाट आहे म्हणतात, पण त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारायला गेलं की जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तेव्हा बाकीचे लोक फोटो, मूर्ती, कॅलेंडर आणि जमलं तर एखादं पुस्तक घेतात. डोमाभाऊ पिशवी भरून पुस्तकं घेतात, तीही स्वतःसाठी नाही. कॉलनीतलं जे पोर वाचताना दिसेल, त्याच्यासाठी.

डोमा गजभिये. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मग सारी नोकरी जमिनीखाली, मँगनीजच्या खाणीत, छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे आधार लावण्यात गेली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यामुळे त्यांच्या शिव्याही मी पोटभर खाल्ल्या आहेत. खाली यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. डोमाभाऊ रिटायर झाले तरी आवाज काही रिटायर झाला नाही. बायकोला, पार्वताबाईंना, चहा मागितला तरी चार घरं पलीकडे कळतं. पण माणूस सरळ. पुस्तक आणलं की खाणीच्या जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद काढून, गुडघ्यावर ठेवून, नीट घडी पाडून त्याला कव्हर घालणार. मगच ते पोराच्या हातात देणार.

त्यांच्या शेजारी अतुल आणि रत्नमाला राहतात. अतुल टिप्पर चालवतो. त्यांची प्रतिक्षा सहावीत आहे. या पोरीला वाचायचं वेड आहे म्हणजे किती? समोसा खाऊन झाला की ती त्याचा कागद वाचते. खताच्या पोत्यावरचं वाचते, औषधाच्या डबीतली बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचते. भाजी निवडायला बसवली तर खालचा पेपर वाचून संपतो आणि भाजी तशीच राहते, असं रत्नमाला कपाळाला हात लावून सांगते आणि मनातून खूश होते.

आता अशा पोरीला भेट काय द्यायची? आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. बाबासाहेबांचं चरित्र द्यायचं. वाढदिवसाला मामाने तेच दिलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली तेव्हा बक्षीस म्हणून तेच मिळालं. आणि डोमाभाऊंनी तर ओळीने चार वर्षं तेच आणलं. कव्हर वेगळं, वरचा फोटो वेगळा, म्हणजे पुस्तकही वेगळं, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रतिक्षा दरवेळी दोन्ही हातांनी पुस्तक घ्यायची, "जयभीम आजोबा" म्हणायची आणि खरंच वाचायची. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

ती दुसरं काय म्हणणार होती, तुम्हीच सांगा. "हे माझ्याकडे आहे" म्हणायची सोय नसलेलं पुस्तक आहे ते. ज्या माणसामुळे आपल्या घरात पहिल्यांदा पाटी आली, त्याचं चरित्र कोणी हातात दिलं तर "नको" हा शब्द तोंडातून येत नाही. मोठ्यांच्या तोंडून येत नाही, तर लेकराच्या कुठून येणार?

पण तिने आपल्यापुरती वाट काढली. तिच्या वर्गात दामिनी आहे, कॉलनीबाहेर धानाची शेती करणाऱ्या भय्याजीची मुलगी. दामिनीचा मामा तिला गोष्टींची पुस्तकं आणून देतो. राक्षस, जंगलं, पाणबुड्या, सगळं. दोघींनी अदलाबदल सुरू केली. एक चरित्र तिकडे, एक गोष्टींचं पुस्तक इकडे. तरीही प्रतिक्षाकडे चरित्रं उरलीच.

हे कोणालाच माहीत नव्हतं. मग गेल्या पावसाळ्यात एक दिवस डोमाभाऊ किराणा दुकानात साखर घ्यायला गेले आणि पायरीवर दामिनी वाचत बसलेली दिसली. पुस्तकाला खाणीच्या कॅलेंडरचं कव्हर.

"हे कुठलं वं?" डोमाभाऊंनी विचारलं.

"प्रतिक्षानं देल्लं," दामिनी म्हणाली. "मी तिले राक्षसाचं देल्लं."

डोमाभाऊ साखर न घेताच परतले. मी रस्त्यात भेटलो तर माझ्याशीही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं, घरी काही झालं असेल.

वर्षावासाचे दिवस होते. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि सगळी कॉलनी, बायका-पोरं, येऊन बसतात. त्या दिवशी वाचन संपलं, लोक उठायला लागले, तेवढ्यात डोमाभाऊ उभे राहिले.

"बसा सारे. मले एक सांगायचं आहे." आणि मग बोट थेट बायकांच्या रांगेकडे. "या प्रतिक्षानं बाबासाहेबांचं पुस्तक देऊन टाकलं. कायच्यासाठी? राक्षसाच्या गोष्टीसाठी! काहून केलं वं तू असं? आमच्या बापाले पाटी नाही भेटली, अन् तू बाबासाहेब बदलून राक्षस घेते? लाज नाही वाटली तुले?"

रत्नमालाची मान खाली गेली. प्रतिक्षा मांडी घालून बसली होती तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तरी बरं झालं असतं. आलं नाही. ती समोरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत होती आणि तिचे ओठ अगदी घट्ट मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी तिने दामिनीची सगळी पुस्तकं परत केली. बदल्यात काही मागितलं नाही. आणि वाचणं बंद. शाळेची पुस्तकं तेवढी, गृहपाठ तेवढा. समोसा खाऊन झाला की कागद चुरगाळून टाकून द्यायची. रत्नमाला म्हणाली, "आता भाजी चटकन निवडून होते." पण हे सांगताना तिचा चेहरा खूश नव्हता.

डोमाभाऊंना मात्र आपण बरोबर केलं असंच वाटत होतं. आठवड्याने ते भय्याजीकडे गेले, कॉलनीतून गेलेली पुस्तकं परत आणायला. मला सोबत घेतलं. भय्याजीची आई, चंद्रभागाबाई, ओसरीवर बसल्या होत्या. डोमाभाऊंनी पुस्तकाचा विषय काढला तशी म्हातारी म्हणाली, "आजचा दिवस राहू दे न, डोमा. आमची दामिनी रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवते. काल ते शाळेतलं आलं. लेकराले तहान लागली अन् कोणी पाणी वाढलं नाही, ते." "तुहा बाप आमच्याकडे धानाच्या रोवणीले यायचा. त्याचा कप अलग ठेवला होता, गोठ्याच्या खुंटीले. मीच ठेवला होता बाप्पा. काल मले रातभर तो कपच दिसला."

डोमाभाऊ उभेच होते. मग म्हणाले, "वाचा. पुरं होऊ द्या. परत नको मले." आणि बाहेर पडले.

शेताच्या धुऱ्यावरून येताना ते मध्येच थांबले. "आपण इतके वर्ष हे पुस्तक आपल्याच आपल्यात वाटून राहिलो. त्या पोट्टीनं ते भय्याजीच्या घरात नेऊन ठेवलं. अन् मी तिची चारचौघांत लाज काढली." एवढं बोलून त्यांनी चेहरा पुसला. घाम होता म्हणायला उन्हाचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून माणूस खचला. जेवताना घास गोड लागेना. पार्वताबाई म्हणाल्या, "जा, सांगा तिले, चुकलं म्हणून. काय होते?" ते गेलेही. पण दारात उभं राहून त्यांच्या तोंडून निघालं काय? "प्रतिक्षा, तुले कोणतं पुस्तक पायजे?"

"काहीच नाही जी, आजोबा," ती म्हणाली. "अभ्यास आहे मले."

किती शहाण्यासारखं बोलली. त्यापेक्षा तिने दार आपटलं असतं तर डोमाभाऊंना झोप लागली असती.

मग दसरा आला, म्हणजे दीक्षाभूमीवर जायचा दिवस. डोमाभाऊंनी ठरवलं, यंदा आपण निवडायचंच नाही. अतुल-रत्नमालाला विचारून त्यांनी प्रतिक्षाला सोबत घेतलं. दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकांचे स्टॉल लांबच लांब, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून पुस्तकं उचलत होती. डोमाभाऊ तिला म्हणाले, "तुले जे पायजे ते घे. मी काही म्हणणार नाही."

ती फिरली. एका स्टॉलच्या कोपऱ्यात मुलांच्या गोष्टींची पुस्तकं लावली होती. तिथे तिचे पाय अडखळले. तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या मुलीचं एक पुस्तक होतं, वर हिरव्या पाण्याचं चित्र. तिने हात मागे बांधले. खरंच, दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंतवले आणि नुसतं मान वाकवून कव्हरावरचं वाचलं. मग पुढे गेली, आणि पुढच्या स्टॉलवरून बाबासाहेबांचं चरित्र उचललं.

"हे पायजे, आजोबा."

आता डोमाभाऊंनी "हे नको घेऊ" असं म्हणायचं कसं? दीक्षाभूमीवर उभं राहून? त्या गर्दीत? पोरगी वर्षानुवर्षं ज्या अडचणीत होती, त्याच अडचणीत आता ते उभे होते. त्यांनी पुस्तक घेतलं, पैसे दिले. मग मागे फिरले, हिरव्या पाण्याचं पुस्तक उचललं आणि म्हणाले, "अन् हे माह्यासाठी."

येताना गाडीत ते दोघे माझ्या पुढच्या सीटवर होते. भंडारा मागे पडल्यावर डोमाभाऊंनी चष्मा लावला आणि तळ्यातल्या मुलीची गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. अडखळत, जोडाक्षराला ठेचकाळत. प्रतिक्षा खिडकीबाहेर कापणीला आलेलं धान बघत होती. एका वाक्याशी ते तिसऱ्यांदा अडकले, तेव्हा तिने न वळताच तो शब्द सांगितला, कारण पुस्तकाकडे ती कधीची तिरक्या नजरेने बघत होती. थोड्या वेळाने पुस्तक दोघांच्या मधे आलं. तुमसर यायच्या आत ते तिच्या मांडीवर होतं आणि डोमाभाऊ नुसते ऐकत होते.

"प्रतिक्षा," ते म्हणाले, "त्या दिवशी माह्यं चुकलं होतं. तू काही वाईट केलं नव्हतं."

ती वाचायची थांबली. मान हलवली आणि पुन्हा वाचायला लागली, पण आता मनातल्या मनात.

कॉलनीचं फाटक दिसलं तशी तिने पुस्तक मिटलं. डोमाभाऊंच्या पिशवीत हात घालून ते सगळ्यात खाली, बाकीच्या पुस्तकांच्या तळाला सरकवलं. वर चरित्रं ठेवली.

"आजोबा, हे तुमच्याच घरी राहू द्या. मी येत जाईन वाचाले. पण विहारात कोणाले सांगू नोका."

"कोणी काही नाही म्हणणार वं आता."

"तरी बी नोका सांगू," ती म्हणाली आणि आईला बघून उडी मारून उतरली. हातात चरित्र तेवढं धरलेलं, सगळ्यांना दिसेल असं.

डोमाभाऊ सीटवरून उठले नाहीत. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

"शाळेनं तिले वाचाले शिकवलं," ते मला म्हणाले. "अन् मी लपवाले."

मी त्यांची पिशवी उचलली. ते माझ्यामागून हळूहळू खाली उतरले.