धोक्याला धोकाच म्हणणारे काझीसर

नव्वदचे दशक सरत आले होते. आखातातल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या नियंत्रण कक्षात उमेदीची वर्षे काढून इस्माईल काझी रत्नागिरीला परतले आणि त्यांनी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारे छोटे कार्यालय थाटले. तिथे मी मुलाखतीला गेले. पदवीबद्दल काहीही न विचारता सरांनी एक छापील कागद पुढे केला. त्यावर ‘चूक क्रमांक चौदा’ एवढेच होते.

“काय समजलं?”

“काहीच नाही, सर.”

“मलाही नाही. उद्यापासून या.”

प्रोग्रॅम चालताना स्वतःच्या कामाच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहीत असतो. नोंद कोणत्या भागाकडून आली आणि किती गंभीर आहे, हे तिच्यात असलेच पाहिजे, असा सरांचा दंडक होता. माहिती, इशारा, बिघाड, आणीबाणी अशा पायऱ्या त्यांनी ठरवल्या होत्या. “सगळंच तातडीचं लिहिलंत, तर माणसं वाचायचीच थांबतील,” असे ते बजावत.

बंदराजवळच्या एका मासळीच्या शीतगृहाचे काम आमच्याकडे होते. पडद्यासमोर बसणाऱ्यांना इंग्रजी जड जाते, म्हणून सरांनी तिथल्या नोंदी हट्टाने मराठीत केल्या. थंडाव्यासाठी नळांतून फिरणारा विषारी अमोनिया वायू गळू लागला, की मापकाला तो कळून आणीबाणीची नोंद होऊन घंटा वाजे. ती एक-दोनदा उगाच वाजली आणि कोळंबी सोलणाऱ्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. ऐन हंगामात मालक वैतागले.

“काझीसाहेब, याला नुसता इशारा करा. घंटा नको. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

आमचे तेवढेच एक मोठे काम होते. तरीही सर शांतपणे म्हणाले, “मापक खोटं सांगत असेल तर तो दुरुस्त करू. वायुगळतीला मी इशारा म्हणणार नाही.”

त्याच दुपारी ते स्वतः शिडीवर चढले. छताखालच्या थंड नळाचे ठिबकणारे पाणी मापकात जात होते. त्यांनी मापक बाजूला बसवला. मालकांनी कुरकुरत हंगाम संपेपर्यंत मुदत दिली.

हंगाम संपायच्या आतच घंटा वाजली. या वेळी झडप खरोखरच गळत होती. आम्ही धावत पोहोचलो, तेव्हा बायका रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. “घंटा झाली नि आमी भायर पलालो. वास मागनं आला,” त्यांच्यातल्या सकिनाबी सांगत होत्या. सर मात्र एकच विचारत राहिले, “आत कोणी राहिलंय का?” कोणी नव्हते. ते ऐकल्यावर ते पायरीवर बसले. मालकांनी स्वतः पाणी आणून दिले. घंटा बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर आणि त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी रोज डबा घेऊन इस्पितळात येत. आईशी गप्पा मारत, मला घरी झोपायला पाठवत.

यंदा सरांची साठी पूर्ण होत आहे. त्यांना खणखणीत प्रकृतीचे भरपूर आयुष्य लाभो. त्यांनी आमचे काम असेच तपासावे, चुकेल तिथे आम्हाला अडवावे, आणि संध्याकाळी भाभींसोबत मांडवीच्या किनाऱ्यावर निवांत फिरावे, एवढेच आम्हा सर्वांना मनापासून हवे आहे.