डबा गाडी आणि SHREE प्लेट

गाडीच्या पूजेला सगळ्यात आधी आल्या नलूताई. पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "मावशी, एवढं बोलावलंत, ही तर डबा गाडी आहे हो."

डबाच आहे. माझ्या समीरने लिलावात घेतली ती फक्त नंबर प्लेटसाठी. इथे परदेशात प्लेटवर हवी ती अक्षरं घेता येतात, हिच्यावर लिहिलंय SHREE. मी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

मैत्रिणींनो, तेवढ्यात एक काकू मुलाला घेऊन दारात. "मुलाने गाडी लिलावात विकली, पण प्लेट माझ्या नावावर आहे. आमच्या ह्यांची हौस होती, ते गेले. प्लेट न्यायला आलेय."

मी समीरकडे बघितलं. समीर म्हणतो, "आई, मला वाटलं प्लेट गाडीबरोबरच येते." घ्या, आणि हा इंजिनियर.

काकू प्लेटवरच्या कुंकवाकडे बघत राहिल्या. मी सवयीने करंडा पुढे केला. त्या मागे सरल्या. "मला आता कोणी लावत नाही."

म्हटलं, "आमच्याकडे सगळ्यांना लावतात." आणि लावलं.

त्यांनी कपाळाला हळूच बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "प्लेट राहू दे, सही करून देते. पण मला या गाडीतून एकदा देवळात न्या."

मी अजून हबकलेलीच आहे. तुमच्याकडे लावतात का गं सगळ्यांना?

मायलेक रविवारी सकाळी देवळात जायला येतो म्हणालेत.