ठिपका वाळूत पडला की

दार उघडलं की आधी त्याचा फोन दिसायचा, मग तो. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणायचा, "काका, आज वाळूत पडलाय. यल्ला, चला, बूट घाला!" समुद्रात पडला असेल त्या दिवशी नुसतं "आज बुडाला," म्हणून निघून जायचा.

पडायचा तो ठिपका. फोनवरचा एक खेळ आहे. रोज तारखेवरून आकडे निघतात आणि नकाशावर कुठंतरी ठिपका पडतो. तिथं जायचं, फोटो काढायचा. बक्षीस नाही, काही नाही. असल्या खुळाला तुम्ही हसाल. मी तर त्याच्या तोंडावर हसलो होतो.

तो रत्नागिरीचा, इथं शारजात रोल्लाच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात कामाला. बायको-मुली तिकडं, हा अल नहदा भागात आमच्या शेजारी खोली घेऊन एकटा. माझी बायको इथंच, मुलाच्या घरी वारली. मुलगा-सून कामावर गेले की मी भिंतीकडं बघत बसायचो. बाहेर पडलो तरी तेच. बागेतला बाक तिचा. भाजीच्या दुकानात गेलो की ती टोमॅटो दाबून बघताना दिसायची. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग चला. काकी कधीच गेल्या नाहीत अशी जागा दाखवतो."

गेलो. त्याच्या गाडीनं रास अल खैमाच्या रस्त्यानं, मग चाकांची हवा कमी करून वाळूत. शेवटी पायी. फोन आरतीच्या ताटासारखा धरून हा पुढं. "अजून थोडं... डावीकडं... अहो काका, पुढं गेलात, मागं या!" तिथं एक झुडूप आणि उंटाच्या लेंड्या. त्यानं थर्मासमधून चहा ओतला, दोन कप वाळूत रोवले, फोटो काढला. "पोचलो. खलास."

मला वाटलं होतं, इथं तरी बरं वाटेल. उलटंच झालं. घरी निदान तिची खुर्ची होती. इथं ती कुठंच नव्हती. मी खाली बसलो. म्हणालो, "तू जा. मी इथंच राहणार. खरं सांगतोय."

त्यानं समजूत घातली नाही. शेजारी बसून चहा संपवला. मग चिडून म्हणाला, "काका, माझा ठिपका फुकट घालवू नका. परत आल्याशिवाय पोचलं धरत नाहीत. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"खेळाचा. उठा."

उठलो.

घरी नातीला विचारलं. "नो आजोबा, देअर इज नो सच रूल." म्हणजे लबाडानं तिथल्या तिथं रचला होता. मी त्याला बोललो नाही. पण पुढं ठिपका वाळूत पडला की तो यायच्या आधीच बूट घालून बसायचो.

"उन्हाळ्यात खेळ बंद," असं तोच म्हणायचा. ऐन उन्हाळ्यात मी तिच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो. त्याचं दुकान बंद पडलंय, व्हिसाचे दिवस संपत आलेत, हे मला नंतर कळलं. दुपारी फोनवर त्यानं काढलेला फोटो आला. खाली, "पोचलो काका." मला लिहायला वेळ लागतो, म्हणून बोलूनच पाठवलं, "आता परत फिर." उत्तर आलं नाही. गाडी वाळूत रुतलेली आणि तो तिच्या सावलीत, असा सापडला.

लोक म्हणतात, सुटला बिचारा, जायचं तिथं पोचला. मी म्हणतो, खोटं. नियम त्याचाच आहे. परत आला नाही, तर पोचलेलं मी धरत नाही.

तो फोटो रोज बघतो. वाळू, तिच्यावर त्याची आखूड सावली, आणि समोर रोवलेले दोन कप. दोन्ही भरलेले.