तडका झाला

माझी बायको कालिंदी लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि गेले तीन महिने ती एका फायलीच्या मागे हात धुऊन लागली होती. नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी नवं काही शिकल्याचे तास दाखवावे लागतात. व्याख्यान ऐकायचं, शेवटी सही करायची, प्रमाणपत्र घ्यायचं. माझ्या रेल्वेतल्या बदल्यांमुळे तिचे तास नागपूर, भुसावळ आणि कोलकाता असे विखुरलेले. कुठले धरतात, कुठले नाही, हे तिलाच कळत नव्हतं, मग मला काय कळणार? दोन तास कमी पडत होते. तिच्या या घोळाला कारण मीच, म्हणून रविवारी तिला गाडीने सभागृहात घेऊन गेलो आणि चहाच्या आशेने मागच्या रांगेत बसलो.

आदल्या दिवशी ती इथल्या, कोलकात्यातल्या बेहाला भागातल्या दवाखान्यातून धुसफुसत घरी आली होती. शेफाली नावाची एक बाई तापलेल्या दोन वर्षांच्या मुलाला, बुबाईला, घेऊन आली होती. बंगालीत म्हणाली, सकाळी याला तडका झाला. इथे ढाब्यावर रोटीबरोबर मसालेदार डाळ मिळते, तिला तडका म्हणतात. आपण चहा झाला, जेवण झालं म्हणतो, त्याच चालीवर कालिंदीने ते ऐकलं. कोणी दिला, म्हणून विचारलं, तर बाई म्हणे कोणी नाही, आपोआप झाला. किती? दोन मिनिटं. एवढ्याशा पोराला मसाल्याची डाळ चारतात आणि वर धड सांगतही नाहीत, म्हणून कालिंदी तिला चांगलीच रागावली. तापाचं औषध दिलं आणि दोन दिवस नुसती पेज द्यायला सांगितली. आमटीत भात कालवत मीही म्हणालो, लोक पण कमाल करतात.

रविवारचा विषय होता, तापात मुलांना येणारे झटके. वक्ते बराच वेळ इंग्रजीत बोलले. मग हसून बंगालीत म्हणाले, "आपल्या आया याला तडका म्हणतात." सगळं सभागृह माना डोलवत होतं. एकटी कालिंदी उभी राहिली.

मला काही कळेना. ती पर्स उचलून चालू लागली, मी तिच्या मागे. दारातल्या मुलीने सांगितलं, सही झाल्याशिवाय तास धरणार नाहीत. कालिंदीने तिच्याकडे पाहिलंही नाही. गाडीत बसून दवाखान्यात फोन लावला, पत्ता घेतला आणि मला म्हणाली, "बेहाला." बराच रस्ता गेल्यावर तिने सगळं सांगितलं. मग मात्र मला भीती वाटायला लागली. डाळीला आणि झटक्याला एकच शब्द कसा असू शकतो, याचाच मी सिग्नलवर विचार करत राहिलो.

शेफालीची खोली शिंप्याच्या दुकानामागे होती. बुबाई पलंगावर निपचित पडलेला. कालिंदीने त्याला उचललं, मान वाकवून पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, ताप पाहिला. झटका पुन्हा आला नव्हता. ताप उतरला होता. पोर नुसतं मलूल झालं होतं.

कालिंदी तिच्या मोडक्या बंगालीत म्हणाली की काल मला तुमचा शब्दच कळला नव्हता, चूक माझी, तुम्ही बरोबर सांगत होतात. पुन्हा झटका आला तर काय करायचं, तेही तिने दोनदा समजावलं.

शेफाली गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. डॉक्टर घरी का आली आणि माफी कसली मागते, हेच तिला उमगत नव्हतं.

"म्हणजे मी त्याला काही वाईट खायला घातलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"कालपासून पेजेवर आहे. भातासाठी रडून रडून झोपतो." ती हळूच म्हणाली, "आता देऊ का भात?"

कालिंदीने होकाराची मान हलवली. मी किल्ली काढली, तशी तिने माझा हात धरला.

"थांब, विनायक. त्याचं जेवण होऊ दे."

तो शेवटचा घास खाईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.